वाचनाचा ताळेबंद : किती वाचले आणि किती दिले?

(मढ, ता. जुन्नर येथील ग्रंथप्रेमींपुढे वर्षअखेरीच्या निमित्ताने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी जुनी वही मिटतो आणि नव्या वहीवर कुंकू वाहतो. मिटण्यापूर्वी तो जमा आणि खर्च ताडून पाहतो, येणे आणि देणे यांचा मेळ घालतो. वर्षभर पुस्तकांच्या सहवासात राहिलेल्या माणसानेही वर्ष संपताना असा ताळेबंद मांडावा, ही अपेक्षा वावगी नाही. मात्र या वहीत काय लिहायचे, हा खरा प्रश्न आहे. पुष्कळ जण वाचलेल्या पुस्तकांची संख्या लिहून थांबतात. पन्नास वाचली, साठ वाचली. ही झाली जमेची बाजू. त्यांतील किती पुस्तके दुसऱ्याच्या हाती गेली, किती दुसऱ्याला सांगितली गेली, ही बाजू बहुधा कोरीच असते. ती कोरी राहिली तर हिशेब अपुरा आहे.

नाणेघाटातील वही

देण्याचा हिशेब लिहून ठेवण्याची रीत या परिसराला परकी नाही. याच जुन्नर तालुक्याच्या पश्चिम कड्यावर, कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्याशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्रदीर्घ लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख इतिहासकारांना अनेक कारणांनी मोलाचा वाटतो. भारतातील अतिप्राचीन अंकचिन्हे त्यात आढळतात. मराठीचे प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठी रंगनाथ पठारे समितीने जे पुरावे मांडले, त्यांतही या लेखातील ‘महारठिनो’ या शब्दाचा समावेश होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मान्य केला, तेव्हा जुन्नरच्या या कातळाचेही स्मरण अनेकांना झाले.

पण हा लेख प्रत्यक्षात सांगतो काय? कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून काय दिले, हे तो सांगतो. गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण किती, हे सारे आकड्यांत. आपल्या भांडारात काय साठले होते, हे त्या राणीने कोरले नाही. काय दिले ते कोरले. भांडार केव्हाच नाहीसे झाले, दानाची नोंद मात्र आजही वाचता येते. वाचकाने आपल्या वहीसाठी यापेक्षा निराळा आदर्श शोधण्याचे कारण नाही.

वाचणे म्हणजे वाचून दाखवणे

आज एकट्याने, मनातल्या मनात वाचणे हेच वाचन अशी समजूत झाली आहे. मराठी समाजाची जुनी रीत तशी नव्हती. चातुर्मासात मंदिरात पोथी लागे. श्रीधरांचा हरिविजय असो, पांडवप्रताप असो अथवा ज्ञानेश्वरी असो. एक जण ओवी वाचे, दुसरा अर्थ सांगे आणि उरलेला गाव ऐके. ऐकणाऱ्यांत ज्यांना अक्षरओळख नाही असेच बहुसंख्य असत. तरी कृष्णाचे बालपण आणि पांडवांचा वनवास त्यांना तोंडपाठ असे. एका गावात एकच पोथी असली तरी सारे गाव त्या पोथीचे वाचक असे.

ज्ञानदेवांनी पैठणला ज्याच्या मुखी वेद वदवला, त्या रेड्याची समाधी परंपरेने याच तालुक्यातील आळे येथे दाखवली जाते. या कथेचा चमत्काराच्या अंगाने विचार पुष्कळ झाला आहे. तिच्यातील दुसरा अर्थही तितकाच मोठा आहे. जे ज्ञान मोजक्या मुखांपुरते राखून ठेवले होते, ते कोणत्याही मुखी जाऊ शकते, अशी ग्वाही या कथेने दिली. पुढे गीतेचा अर्थ देशी भाषेत उतरला आणि गावोगाव पोथ्यांमधून पोहोचला, तो याच विश्वासावर.

छापखाना आला आणि ग्रंथ स्वस्त झाले. घरोघर पुस्तक पोहोचू शकेल अशी सोय झाली, हा लाभ थोर आहे. परंतु पुस्तक प्रत्येकाचे स्वतंत्र झाले तसे वाचनही एकाकी झाले. वाचलेले सांगण्याची सवय सुटली. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मात्र वर्षातून एकदा मराठी घरांना ही जुनी सवय पुन्हा आठवते. दिवाळी अंक शेजारी जातो, तेथून पाहुण्यांबरोबर परगावी जातो आणि पाने सुटी होईपर्यंत फिरत राहतो. प्रश्न इतकाच की उरलेले अकरा महिने काय?

भिंतीआडचे वाचक

वाटण्यासाठी सोयीसुविधा लागतात, असे म्हणणाऱ्यांनी दोन कारागृहांचे स्मरण करावे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेवर बोलले. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. समोर बसले होते ते सत्याग्रही बंदी. विनोबांचे शब्द साने गुरुजी लिहून घेत होते. एकाने आपला आवडता ग्रंथ मनापासून उलगडला, दुसऱ्याने तो तितक्याच निष्ठेने टिपला आणि ‘गीता प्रवचने’ सिद्ध झाली. पुढे अनेक भाषांत तिचे अनुवाद झाले. ग्रंथ लिहावा या हेतूने तिथे कोणी बसले नव्हते. एक प्रिय ग्रंथ सोबत्यांना सांगावा, एवढाच उद्देश होता.

त्याआधी अंदमानच्या कारागृहात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी जे केले, ते ‘माझी जन्मठेप’मध्ये सविस्तर आले आहे. राजबंद्यांकडे येणारी पुस्तके एकत्र करून तिथे ग्रंथालय उभे राहिले. ज्यांना अक्षर ठाऊक नव्हते अशा बंद्यांना शिकवण्याचे काम त्याबरोबरच चालले. हे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. कारण पुस्तक देणे पुरेसे नसते. घेणाऱ्याला ते वाचता यावे, याचीही काळजी देणाऱ्याने वाहायची असते.

बडोद्याची पेटी, नाशिकची पेटी

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकरी कुटुंबातला मुलगा १८७५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तोवर त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. तोच पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड म्हणून कीर्तिमान झाला. १९०६ मध्ये त्यांनी साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मात्र शाळा सुटल्यावर मुलाच्या हाती पुस्तक आले नाही, तर शिकलेले अक्षर विसरले जाते, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण करून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणले. गावाने काही रक्कम उभी करावी, तेवढीच प्रांत पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने द्यावी, असा त्रिवेणी संगम त्यात होता. गाव स्वतः पुढे आल्याविना ग्रंथालय उभे राहू नये, हे त्यातले सूत्र.

जिथे ग्रंथालय नव्हते, तिथे पेटी जाई. निवडक पुस्तकांनी भरलेली कुलूपबंद लाकडी पेटी गावात येई, काही काळ राही, वाचली जाई आणि परत जाऊन पुढच्या गावी निघे. वाहतुकीचा खर्च सरकार सोशी. बाराव्या वर्षी अक्षर शिकलेल्या माणसालाच, पुस्तक दारी येणे म्हणजे काय, हे इतके नेमके कळावे, यात नवल नाही.

त्यानंतर सुमारे शतकाने, २००९ मध्ये, त्याच नाशिकमधून कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. इथेही पेटीच आहे. शंभर पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे द्यायची. गटातील सर्वांनी ती वाचायची. ठरावीक महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल करायची. देणगीदारांच्या बळावर या पेट्या महाराष्ट्रभर पसरल्या, कारागृहांत गेल्या आणि दुबईसारख्या परदेशी शहरांतील मराठी घरांपर्यंतही पोहोचल्या. बडोद्यात राजाश्रय होता, इथे लोकाश्रय आहे. तत्त्व एकच : वाचकाने पुस्तकाकडे जायचे की पुस्तकाने वाचकाकडे, या प्रश्नावर अडून न राहता पुस्तकाने चार पावले पुढे यावे.

महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलारने आणखी एक वाट दाखवली. ४ मे २०१७ रोजी तेथे ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. घरांत, मंदिरांत, शाळेत, अशा पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तके मांडली गेली. ब्रिटनमधील हे-ऑन-वाय या गावाची कल्पना त्यामागे होती. तेथे जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत. भिलारमध्ये लोकांनी आपली राहती घरे वाचकांसाठी उघडली. हा फरक मराठी आतिथ्याला साजेसा आहे.

मढपुढील प्रश्न

आता मढकडे वळू. माळशेज घाट चढून आले की लागणारा हा मुलूख. एका बाजूला पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय, दुसऱ्या बाजूला सिंदोळ्याचा डोंगर. पावसाळ्यात धुक्याने वाट दिसेनाशी होते. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी जुन्नरला पावसाळाभर अडकून पडला. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल, अशी नोंद त्याने आपल्या प्रवासवर्णनात केली आहे. हे चार महिने वाचनासाठी जणू राखूनच ठेवलेले आहेत.

या भागातील अनेक घरांत आज शाळेची पायरी चढणारी दुसरीच पिढी आहे. वाड्या-पाड्यांवरील काही वनवासी घरांत तर पहिलीच. अशा मुलाला वाचता येते, पण पाठ्यपुस्तकापलीकडे काय वाचावे, हे सांगणारे घरात कोणी नसते. शहरातील मुलाला आई, मामा, आत्या सांगते. त्याला कोण सांगणार? त्याच्या हाती भ्रमणध्वनी आहेच आणि तो अखंड बोलतो आहे. काही वर्षे कोणी पुस्तक पुढे केले नाही, तर हा मुलगा साक्षर राहील, वाचक होणार नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, हजारो ग्रंथालयांना अनुदान मिळते. परंतु कपाटातील पुस्तक आपण होऊन या मुलापर्यंत चालत जात नाही. ते पोहोचवणारा माणूस कोणत्याही कायद्याने निर्माण होत नसतो.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शियाळी रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांचा मथितार्थही असाच आहे : वाचकाला त्याचे पुस्तक भेटले पाहिजे आणि पुस्तकाला त्याचा वाचक. ही गाठ घालून देणारा तो खरा ग्रंथसेवक.

पोहोचवण्याची विद्या या मातीला शिकवावी लागणार नाही. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने मावळ, खेड, आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांतले. घरून निघालेला डबा एका हातातून दुसऱ्या हातात जात अचूक माणसापर्यंत पोहोचतो आणि रिकामा होऊन संध्याकाळी पुन्हा घरी येतो. पुस्तकालाही नेमके हेच हवे : योग्य पत्ता, भरवशाचे हात आणि परतीचा प्रवास.

मग करावे काय? बारा घरांनी एकत्र यावे. प्रत्येक घराने आपल्या आवडीचे एकच पुस्तक विकत घ्यावे. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी प्रत्येक पुस्तक पुढच्या घरी जावे. वर्षाच्या शेवटी एका पुस्तकाच्या खर्चात प्रत्येक घरात बारा पुस्तके येऊन गेलेली असतील. नियम दोनच असावेत. पुस्तक देताना ते का आवडले, हे घटकाभर बसून सांगावे. आणि प्रत्येक घरी एक वही असावी : पुस्तक कोणाकडून आले, काय भावले, काय पटले नाही आणि पुढे कोणाला दिले. न आवडल्याची नोंदही संकोच न करता करावी. केवळ स्तुतीची वही कोणाच्या उपयोगाची नसते.

निवड करताना पहिला मान आपल्या अंगणाला द्यावा. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्याने शिवचरित्र वाचावे, हे सांगणे नको. पण जवळच्या निमगिरीचे डॉ. गोविंद गारे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले आणि त्यांनी महादेव कोळी समाजावर ग्रंथ लिहिले, हे इथल्या किती मुलांना ठाऊक आहे? आपल्या डोंगरातला माणूस ग्रंथकार होऊ शकतो, हे एकदा कळले की पुस्तक परके वाटत नाही.

पुढील वर्षअखेरीस या वह्या एकत्र उघडाव्यात. कोणी किती वाचले, अशी स्पर्धा तेव्हा लावू नये. प्रत्येकाला एवढेच विचारावे : तुमच्यामुळे वाचू लागलेला एक तरी माणूस सांगा. ज्याच्या वहीत असे एक नाव असेल, त्याचे वर्ष सत्कारणी लागले असे समजावे.