कवी कोणाचा?

(नांदूरघाट येथे पक्षकार्यकर्ते व हितचिंतक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात कवितेवर बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. पाणी, पीककर्ज, रोजगार हमी, ऊसतोडीचे दर ही आपली विषयपत्रिका. तीत कविता बसायची ती सभा सुरू होण्यापूर्वी, लोक जमेपर्यंत म्हणायच्या गाण्यापुरती. कवितेला दिलेली ही जागाच मला मान्य नाही, आणि त्याची कारणे मांडण्यासाठी मी उभा आहे.

मराठी कविता राजदरबारात वाढलेली नाही. परंपरा ज्या मुकुंदराजांना आद्यकवी म्हणते त्यांची समाधी ती आपल्या अंबाजोगाईलाच दाखवते. त्याच गावी दासोपंतांनी लांबलचक कापडावर ग्रंथ लिहिला. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. दळण, कांडण, झाडलोट ही तिची नित्याची कामे, आणि तिने विठ्ठलाला त्या कामांना हात लावायला बोलावले. देवाला राबायला लावणारी ही कविता कोणत्याही जाहीरनाम्याच्या कितीतरी आधीची आहे. पुढे जात्यावरच्या ओवीने हा वारसा शतकानुशतके चालवला. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत आपल्या जिल्ह्यातील माजलगावच्या बायकांच्या ओव्याही आहेत.

या ओवीला समीक्षक नव्हता असे आपण समजतो. वस्तुतः तो होता. समोर बसून जात्याच्या खुंट्याला हात लावणारी दुसरी बाई, हीच ती समीक्षक. तिला जी ओवी स्वतःची वाटली ती तिने उचलली, एखादा शब्द बदलला आणि लेकीच्या तोंडी दिली. जी खोटी वाटली ती तिथेच पिठाबरोबर झाडली गेली. समीक्षेचे मूळ कार्य याहून वेगळे नाही.

आता आजच्या बीड जिल्ह्याकडे या. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतो. एकटा मजूर असला तर ‘अर्धा कोयता’. दोन जिवंत माणसांची मोजणी एका पात्यात करणारी ही भाषा हिशेबाच्या वहीने घडवली आणि आपण सर्वांनी ती निमूटपणे स्वीकारली. २०१९ साली शासनाच्या समितीने या जिल्ह्यातील ऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अहवालाने आकडा दिला. पण या बायका त्या शस्त्रक्रियेला ‘पिशवी काढणे’ म्हणतात. बाजाराला नेतो तीही पिशवी, आणि पोटातली तीही पिशवी. खाडा पडू नये, पैसे कापले जाऊ नयेत, म्हणून शरीराचा एक भाग ओझ्यासारखा उतरवून ठेवायचा, हा सारा व्यवहार त्या एका शब्दात बोलतो आहे. तो शब्द ऐकू येणे हे कवीचे काम होय. आकडा आपल्याला मोर्चापर्यंत नेतो. मोर्चा पांगल्यावर झोप लागू न देणारी गोष्ट तो शब्द आहे.

तथापि येथेच एक धोका आहे, आणि तो आपल्याकडून आहे. चळवळीला कवी हवा असतो तो बहुधा घोषणा जुळवून देणारा कारागीर म्हणून. घोषणा हवी, ती मी हलकी लेखत नाही. वसंत बापट १९४२ च्या लढ्यात तुरुंगात गेले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी त्यांनी गाणी लिहिली आणि ती हजारोंच्या तोंडी बसली. परंतु ‘बिजली’ लिहिणाऱ्या याच कवीने पुढे ‘सेतू’ आणि ‘अकरावी दिशा’ लिहिले, ज्यांत प्रेम आहे, निसर्ग आहे, एकट्या माणसाचे मन आहे. त्यामुळे ते कमी समाजवादी झाले काय? ज्या समाजात ऊसतोड कामगाराच्या मुलीला चांदण्याकडे निवांत पाहता येईल, असा समाज आपल्याला हवा आहे. मग चांदण्याची कविता ही आपल्याला चैन का वाटावी?

दुसऱ्या बाजूने कवीलाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्वातंत्र्य म्हणजे अंग चोरण्याची सवलत नव्हे. १९७५ साली आणीबाणीच्या काळात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी सत्तेला न भिता जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. त्या कोणत्याही पक्षाच्या आज्ञेत नव्हत्या. लेखणीचे स्वातंत्र्य गेले तर आपण लिहितो कशाला, एवढाच त्यांचा हिशेब होता. नारायण सुर्वे गिरणीत राबले, कामगार चळवळीत वावरले, आणि १९९५ साली परभणीच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. चळवळ त्यांच्या कवितेची मालकीण झाली नाही, आणि कवितेने चळवळीकडे पाठही फिरवली नाही. हे नाते मला आदर्श वाटते.

आता समीक्षकांविषयी. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला १९७२ साली विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. त्या कवितेतले अनेक शब्द आपल्याला कळत नाहीत हे त्यांनी लपवले नाही. ते कवीबरोबर त्या वस्तीत हिंडले, शब्द जिथे राहतात तिथे गेले. न कळणे ही कवितेची चूक ठरवण्यापूर्वी ते आपल्या अनुभवाची मर्यादा असू शकते, हे मान्य करणारी ही वृत्ती दुर्मीळ आहे. ‘उचल’, ‘मुकादम’, ‘फड’, ‘कोपी’ या शब्दांचे वजन ज्याला ठाऊक नाही, त्याने आमच्या मुलाच्या कवितेला ‘आक्रोशी’ म्हणून एका ओळीत निकालात काढू नये. त्याचबरोबर, ती आमच्या मुलाची आहे म्हणून तिची पाठही थोपटू नये. ग्रामीण कवीला आज एकतर हार मिळतो, नाहीतर दुर्लक्ष. कच्च्या कवितेला हार घालणे हा दयेचा प्रकार आहे, आणि दया ही समतेची शत्रू आहे. ज्याला आपण बरोबरीचा मानतो, त्याच्याशीच आपण वाद घालतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या शाखेच्या बैठकीत महिन्यातून एकदा एक कविता वाचावी; शक्यतो याच परिसरातल्या, फडावर जाऊन आलेल्या कोणाची तरी. हार नको, शाल नको. ती ऐकायला त्या बायका समोर असाव्यात, ज्यांच्याविषयी ती लिहिली आहे. ‘हे असे नसते’ असे त्यांनी म्हटले तर कवीने मान खाली घालून पुन्हा लिहावे. आणि ‘हे आमचेच’ असे त्या म्हणाल्या, तर पुण्या-मुंबईचे कोण काय म्हणते याची चिंता त्याने करू नये.

कवी कोणाचा, असा प्रश्न मी घेतला होता. तो पक्षाचा नाही, आणि बाजाराचाही नाही. वहीत ज्यांचा अर्धा कोयता झाला, त्यांना भाषेत पूर्ण माणूस करण्याचे कर्ज त्याच्यावर आहे. ते फेडताना तो आपल्याविरुद्धही बोलेल. त्या वेळी त्याला बसू द्यायला आपल्या व्यासपीठावर जागा असली पाहिजे.