लंगडणारा पाय कोणता?

घोडा लंगडू लागला की घोडेवाला आधी पुढचा खूर उचलून नाल पाहतो. त्यात चूक नाही. घोड्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि पुढच्या पायाचं दुखणं बऱ्याचदा खुरातच सापडतं. घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली आणतो. यावरून पाय ओळखायची रीत जुनी आहे. पण दुडक्या चालीत डावा मागचा आणि उजवा पुढचा पाय एकदम पडतात. डावा मागचा दुखत असेल तर त्यावरचा भार हलका करायला घोडा नेमकी त्याच क्षणी मान खाली घालतो. पाहणाऱ्याला उजवा पुढचा ठणठणीत वाटतो आणि आळ डाव्या पुढच्या पायावर येतो. निरोगी खुराचा नाल निघतो. दुखणं मागे तसंच राहतं.

म्हणून दिसलं तिथेच औषध लावण्याला माझा विरोध आहे. पशुवैद्य खुरापासून वर सरकत पायाचा एकेक भाग बधिर करतात आणि दर वेळी घोडा दुडकवून पाहतात. लंगडणं थांबलं की जागा सापडली. चुकीचा आळ पायावरच येतो असंही नाही. खोगीर सारखं एका बाजूला सरकतं तेव्हा बोल लागतो खोगीर करणाऱ्याला, नाहीतर स्वाराच्या बैठकीला. इंग्लंडमध्ये पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागच्या पायांनी लंगडणारे असे घोडे तपासले. दुखरा पाय बधिर करताच बहुतेकांचं खोगीर जागेवर राहिलं! अर्थात जागा कळली म्हणजे कारण कळलं असं नाही. लॅमिनायटिसमध्ये खुराची भिंत आतल्या हाडाशी धरून ठेवणारे पदर सुजतात. दुखतं खुरात, पण 2007 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात धडधाकट तट्टांच्या रक्तात इन्सुलिन सतत चढं ठेवलं, आणि तीन दिवसांच्या आत त्यांना हा रोग झाला. इन्सुलिन असं चढं असलेल्या लठ्ठ तट्टाचा नालबंद कितीही कसबी असो, खुराकाकडे पाहिल्याशिवाय त्याचे कष्ट वाया जाणार.

माथेरानसारख्या ठिकाणी घोडा एक दिवस उभा राहिला तर घरातली चूल अडते. तिथे एवढा तपास कोण करणार, असं कुणी म्हणेल. अडचण खरी आहे. पण वेदनाशामक देऊन घोडा पुन्हा कामाला जुंपणं स्वस्त पडत नाही. फेनिलब्युटाझोनसारखं वेदनाशामक जास्त दिवस किंवा जास्त मात्रेत दिलं तर पोटात आणि आतड्यात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. शिवाय वेदना दबल्यामुळे घोडा जखमी पायावर पूर्ण भार टाकतो. उलट सपाट, कडक जमिनीवर दोरी सैल सोडून घोडा चालवणं, दुडकवणं, खुरांची ऊब हाताने ताडून पाहणं याला पैसे पडत नाहीत. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: प्रत्येक दुखण्याला एकच मूळ असतं कशावरून? नसतंच कित्येकदा. एक पाय जपता जपता पाठ आखडते, दुसऱ्या पायावर ताण येतो, आणि काही महिन्यांनी तीन-चार ठिकाणी खरोखरच दुखत असतं. तेव्हा एक पाय बधिर केला की दुसरा लंगडताना दिसतो. तपास लवकर करायचा तो याचसाठी, दुखणं अजून एका जागी आहे तोवर.