पाठीतील सुई आणि डोळ्यांची दृष्टी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मी वैद्य नव्हे. माझा जन्म शाळेच्या फळ्यापुढे गेला. परंतु ‘पाठीत सुई घेतली की डोळे जातात’ असा जो समज घरोघरी पसरला आहे, त्यात तथ्य किती हे समजून घेण्याचा मी यथाशक्ति प्रयत्न केला आहे. तेच आज आपणापुढे ठेवतो.

कंबर कोठे आणि डोळे कोठे, असे कोणीही विचारील. मेंदू व मज्जारज्जू एकाच द्रवाने वेढलेले असतात आणि तो द्रव दृष्टीच्या मज्जातंतूभोवती थेट नेत्रगोलाच्या मागपर्यंत पोहोचतो. भरलेली पखाल एका टोकाला दाबली तर दुसरे टोक फुगते, तसाच हा प्रकार होय.

सायटिकासाठी मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध सोडतात. ते पुष्कळ प्रमाणात व घाईने सोडले गेल्यास द्रवाचा दाब एकाएकी वाढतो, दृष्टिपटलाच्या शिरांवर ताण येतो आणि क्वचित तेथे रक्तस्राव होतो. मग अंधुक दिसते किंवा दृष्टीपुढे काळा डाग येतो. बहुधा ते रक्त काही आठवड्यांत वा महिन्यांत जिरते व दृष्टी परतते. मात्र प्रत्येक वेळी ती पूर्ववत होतेच असे नाही.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे. जर्मनीतील कील येथे १८९८ साली ऑगस्ट बिअर या शल्यवैद्यांनी कण्यात कोकेन टोचून शरीराचा खालचा भाग बधिर केला. हा प्रयोग स्वतःवर व सहकाऱ्यावर करून पाहिला, तेव्हा दोघांनाही डोकेदुखी जडली. सुईच्या छिद्रातून द्रव झिरपला की दाब उतरतो. त्यामुळे कधी डोळा बाहेर वळवणाऱ्या मज्जातंतूस ताण बसतो आणि काही दिवसांनी एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. येथे दृष्टी जात नाही. हा दोषही बहुधा कालांतराने निवळतो.

कण्याजवळ स्टेरॉइड टोचल्यास क्वचित दृष्टिनाश, पक्षाघात वा मृत्यूही ओढवू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने २०१४ साली दिला. म्हणून गाफील राहू नये. परंतु ऐकीव गोष्टींच्या भयाने एखाद्या लेकीने प्रसूतीच्या शस्त्रक्रियेत भुलीची सुई नाकारावी, हेही तितकेच अनिष्ट आहे.

खरा घात होतो तो मौनामुळे. वडीलधारी माणसे ‘आता वयच झाले’ म्हणून गप्प बसतात, आणि घरची मंडळी ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’ म्हणून विषय संपवतात. सुईपूर्वी रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेह, डोळ्यांचे जुने विकार हे सारे डॉक्टरांना सांगावे. कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये. सुईनंतर एकेक डोळा तळहाताने झाकून पाहावे. फरक जाणवल्यास त्याच दिवशी सुई देणाऱ्या डॉक्टरांना कळवावे व नेत्रतज्ज्ञांकडे जावे. बोलणे अडखळले वा हातपाय लुळे पडले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

भगिनींनो आणि बंधूंनो, घरातील वृद्धांना सुईनंतर ‘कंबर कशी आहे?’ असे आपण विचारतोच. त्याबरोबर ‘नीट दिसते ना?’ एवढेही विचारावे, अशी माझी नम्र विनंती आहे.