एकाच गाठीतले अनेक वाण



माझ्या थोरल्या वहिनींना फुफ्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळले, तेव्हा त्यांनी मला विचारले, "भावजी, मी जन्मात कधी मशेरीसुद्धा लावली नाही. मग हे मला कसं झालं?" आम्ही काटेवाडीचे. खोकला आणि बारीक ताप, म्हणून आधी चार महिने क्षयाची औषधे चालली होती. छातीच्या फोटोत दोन्ही आजार सारखे दिसू शकतात. आपल्याकडे क्षय जास्त, त्यामुळे अशी गफलत अनेकांच्या बाबतीत होते.

पुढे मुंबईला नेले. गाठीचा तुकडा काढून त्यातली जनुके तपासली. ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला. हे जनुक जे प्रथिन बनवते, ते पेशीला 'वाढ' असा निरोप देते. बदल झाला की निरोप आलेला नसतानाही वाढ चालूच राहते. वहिनींना काळजी, लेकरांनाही हे लागेल का? डॉक्टरांनी समजावले, असा बदल बहुधा आईवडिलांकडून येत नाही. जन्मानंतर फुफ्फुसातल्याच एखाद्या पेशीत होतो.

या बदलाचे महत्त्व २००४ साली लक्षात आले. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि खारघरचे त्यांचे संशोधन केंद्र यांनी फुफ्फुसाच्या अॅडेनोकार्सिनोमा प्रकारच्या ९०७ भारतीय रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुमारे २३ टक्के रुग्णांत हा बदल आढळला. बायकांमध्ये आणि विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांमध्ये त्याचे प्रमाण अधिक होते. वहिनींच्या प्रश्नाचे थोडेफार उत्तर त्यात होते.

अशा रुग्णांसाठी जेफिटिनिबसारखी गोळी असते. ती सुरू झाली आणि महिन्याभरात वहिनी अंगण झाडू लागल्या. चौदा महिने बरे गेले. मग खोकला परतला. घरात सगळे म्हणू लागले, "औषध खोटं निघालं, बंद करा."

औषध खोटे नव्हते. द्राक्ष बागायतदारांना हे चटकन कळेल. भुरीवर एकच औषध सारखे फवारले की बहुतेक बुरशी मरते. पण तिच्यातला जो थोडा अंश त्या औषधाला दाद देत नाही तो उरतो आणि पुढे तोच बागभर पसरतो. गाठीतही तसेच घडते. सगळ्या पेशी एका वाणाच्या नसतात. ब्रिटनमधल्या 'ट्रेसरेक्स' प्रकल्पात एकाच गाठीच्या निरनिराळ्या भागांतले तुकडे तपासले गेले. पहिल्या १०० रुग्णांचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. वेलीच्या भाषेत सांगायचे, तर काही बदल खोडातले म्हणजे सर्व पेशींत होते, तर काही एखाद्याच काडीतले होते.

जेफिटिनिब घेणाऱ्यांत आजार पुन्हा उसळतो, तेव्हा जवळजवळ निम्म्या रुग्णांत टी-७९०-एम नावाचा दुसरा बदल सापडतो. २००५ साली तो ओळखला गेला. त्यावर ऑसिमर्टिनिब ही गोळी निघाली आणि २०१५ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. आज अनेकांना ती पहिल्यापासूनच देतात. तरी काही काळाने पेशी आणखी वेगळी वाट काढतात.

आमच्या डॉक्टरांनी जुन्या अहवालावर विसंबून न राहता पुन्हा तपासणी केली. आधी रक्त तपासले, कारण गाठीच्या डीएनएचे कण रक्तात उतरतात. त्यात काही मिळाले नाही, म्हणून पुन्हा तुकडा काढला. त्यात तोच दुसरा बदल निघाला आणि गोळी बदलली.

वहिनींना त्यानंतर दोन वर्षे मिळाली. तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण आमच्या गावात होते. ते त्यांनी आणखी दोन आषाढ ओट्यावर बसून पाहिले. तिसऱ्या वेळी त्या नव्हत्या.

दोन वर्षे म्हणजे थोडी, असे कुणी म्हणेल. त्या दोन वर्षांत नातीचे लग्न झाले. म्हणून श्रोतेहो, एवढेच सांगतो. क्षयाच्या औषधाने खोकला हटत नसेल, तर पुन्हा तपासा. कर्करोग निघालाच, तर जनुकांची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. आणि गोळी लागू पडेनाशी झाली, तर ती आपल्या मनाने बंद करू नका. गाठ बदललेली असू शकते. तिला पुन्हा एकदा तपासायला हवे.