घरची होडी, पाण्याचे नियम

भोसरी-चाकणच्या शेडमध्ये पत्रा वाकवणारे आणि फायबर ओतणारे हात भरपूर, त्यामुळे सुट्टीत स्वतःची होडी करायची हौस अनेकांना येते. हौस चांगलीच. पण होडीला इंजिन बसणार असेल, तर अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 लागू होतो: बांधणीआधी आराखड्याला मंजुरी, नंतर तपासणी आणि नोंदणी. राज्यात चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे करा. पवना किंवा भामा आसखेडच्या जलाशयात उतरायचं, तर जलसंपदा विभागाची परवानगीही हवी.

कागद झाले, आता होडी. बैठकीखाली बंद पेशींचा फोम घट्ट बसवा. मग काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, होडी मुद्दाम काठोकाठ भरा. ती तरंगत राहिली, कलंडली नाही, तरच पुढचं बोला. रिकामे ड्रम नुसते दोरीने बांधणं म्हणजे जिवाशी खेळ.

21 मे 2024 रोजी उजनी धरणाच्या जलाशयात कळाशीजवळ वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली, सहा जण गेले. लाइफ जॅकेट होडीत ठेवू नका, अंगात घाला. आणि वारा सुटला की होडी पाण्यात घालूच नका.