विमान रद्द झाल्यास प्रवाशाचे हक्क

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त आयोजित मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



विमानप्रवास ही एके काळी मूठभर सधन लोकांची मिरासदारी समजली जात असे. ती स्थिती आता राहिलेली नाही. केंद्र शासनाने २०१६ साली ‘उडान’ योजना जाहीर केली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेखाली सुरू झालेल्या पहिल्या मार्गांमध्ये आपल्या राज्यातील नांदेडचा समावेश होता. आज खेड्यापाड्यातील माणूसही उपचारासाठी, मुलाच्या मुलाखतीसाठी वा नातलगाच्या अखेरच्या दर्शनासाठी विमानाने जातो. मात्र तिकीट काढण्याइतकेच त्या तिकिटामागील हक्क जाणून घेणेही अगत्याचे आहे, याची जाणीव अद्याप पुरेशी झालेली नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, गडचिरोली जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला आपल्या वृद्ध वडिलांना मुंबईस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात दाखवावयाचे आहे. तालुक्याच्या गावी एका दुकानातून तो नागपूर-मुंबई विमानाची दोन तिकिटे काढतो. विमान सकाळी सातचे. रात्रभर प्रवास करून पितापुत्र विमानतळावर येतात, तो विमान रद्द झाल्याचे कळते. खिडकीवरील कर्मचारी सांगतो, “काल संध्याकाळीच संदेश पाठविला होता.” संदेश गेला होता हे खरे, पण तो दुकानदाराच्या दूरध्वनीवर, कारण तिकिटावर क्रमांक त्याचाच होता. रुग्णालयातील वेळ चुकते, पैसे अडकतात आणि कोणाकडे दाद मागावी हे त्या शेतकऱ्याला उमगत नाही. अशा प्रसंगी कायदा व नियम काय सांगतात, ते पाहू.

परतावा की पर्यायी विमान

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने यासंबंधीची नियमावली २०१० साली लागू केली आणि २०१६ साली तीत महत्त्वाच्या सुधारणा केल्या. तिचा गाभा असा की, कंपनीने विमान रद्द केल्यास प्रवाशाला पर्यायी विमान किंवा तिकिटाचा परतावा, यांपैकी त्याला मान्य असेल ते मिळाले पाहिजे. ही निवड प्रवाशाची आहे, कंपनीची नव्हे.

रद्द होण्याची सूचना किमान दोन आठवडे आधी द्यावी, अशी अपेक्षा आहे. दोन आठवड्यांपेक्षा कमी, परंतु निदान चोवीस तास आधी सूचना दिल्यास मूळ वेळेपासून दोन तासांच्या आत सुटणारे दुसरे विमान किंवा परतावा देऊ करावा लागतो. याप्रमाणे सूचना दिली नाही, तर परताव्याखेरीज नुकसानभरपाईही देय होते. एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी ७,५०० रुपये आणि त्याहून लांबच्या उड्डाणासाठी १०,००० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती द्यावयाची असते. विमानतळावर येऊन पोहोचलेल्या प्रवाशांना पर्यायी विमानाची वाट पाहताना खाण्यापिण्याची सोय, आणि आवश्यक तेथे निवासाची सोय मिळावी, अशीही तरतूद आहे.

वरील उदाहरणात सूचना चोवीस तासांच्या आत आली. कंपनीपाशी पुरेसे कर्मचारी नव्हते, अशा स्वरूपाचे कारण असेल, तर भरपाईचा हक्क उघडच निर्माण होतो. नागपूर-मुंबई उड्डाण एक ते दोन तासांच्या गटात मोडते. मूळ भाडे व इंधन आकार मिळून माणशी ४,२०० रुपये असतील, तर तिकिटाच्या परताव्याखेरीज माणशी ४,२०० रुपये भरपाई होईल.

दोन मर्यादा

या हक्काला दोन मर्यादा आहेत, त्या नीट ध्यानात घ्याव्यात. पूर, दंगल, नैसर्गिक आपत्ती, खराब हवामान, सुरक्षेचा धोका, शासकीय आदेश, संप अशा कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या कारणांनी विमान रद्द झाल्यास भरपाई मिळत नाही. मात्र न केलेल्या प्रवासाचे पैसे परत मिळण्याचा हक्क त्यामुळे बुडत नाही. म्हणूनच रद्द होण्याचे कारण कंपनीकडून लेखी घ्यावे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. तिकीट काढताना ज्या प्रवाशाने संपर्काचा पुरेसा तपशील दिलेला नसेल, त्याला भरपाई देण्याचे बंधन कंपनीवर नाही. दुकानदाराचा क्रमांक तिकिटावर घातला गेल्याने त्या शेतकऱ्याची रात्रीची धावपळ तर वाया गेलीच, शिवाय भरपाईचा त्याचा दावाही दुबळा झाला. दहा आकडी क्रमांकाची ही किंमत आहे.

परतावा कोणी द्यावा

तिकीट मध्यस्थाकडून काढले असले, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवरच राहते, कारण मध्यस्थ हा तिचाच प्रतिनिधी असतो. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असल्यास सात दिवसांत परतावा व्हावा, असा दंडक आहे. पैसे परत न करता ते पुढील प्रवासासाठी कंपनीच्या खाती जमा ठेवण्याच्या पद्धतीला ‘क्रेडिट शेल’ म्हणतात. ते स्वीकारावयाचे की नाही, हे प्रवाशाने ठरवावयाचे असते. ते त्याच्यावर लादता येत नाही.

याबाबत दोन घटना बोधप्रद आहेत. कोरोनाच्या साथीत २५ मार्च २०२० पासून देशांतर्गत विमानसेवा दोन महिने बंद राहिली. अनेक प्रवाशांचे पैसे अडकले. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाळेबंदीच्या काळात, त्याच काळातील प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांची पूर्ण रक्कम परत करण्याचा आदेश दिला. पुढे डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीविषयीच्या नव्या नियमांनंतर देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे वेळापत्रक कोलमडले. ५ डिसेंबर या एकाच दिवशी हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. तेव्हा केंद्र शासनाने ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत सर्व प्रलंबित परतावे देण्यास कंपनीला फर्मावले. नियम कागदावर असले, तरी त्यांच्या अंमलबजावणीसाठी जागरूक ग्राहक आणि दक्ष यंत्रणा दोन्ही लागतात, हेच यावरून दिसते.

दाद कोठे मागावी

प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तेथे समाधान न झाल्यास केंद्र शासनाच्या ‘एअरसेवा’ या व्यवस्थेकडे तक्रार नोंदविता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे. एवढ्यानेही न्याय न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय दिल्लीस असो वा मुंबईस, गडचिरोलीच्या शेतकऱ्याला तेथे खेटे घालण्याचे कारण नाही. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावयास हवी.

गावपातळीवरील कार्य

ग्राहक चळवळ महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचे कार्य उभे केले, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही नव्हता. तो १९८६ साली आला, आणि २४ डिसेंबर हा त्याचा स्मरणदिन आज राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो.

ही परंपरा पुढे नेण्याचे काम उपस्थित अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या हाती आहे. तिकिटे काढून देणाऱ्या गावातील केंद्रचालकांना पंचायतीने एवढेच बजावून सांगावे की, तिकिटावर क्रमांक प्रवाशाचा घाला आणि पैशाची पावती त्याच्या हाती द्या. ज्याच्यापाशी दूरध्वनी नसेल, त्याच्या घरातील वा शेजारच्या जबाबदार माणसाचा क्रमांक घालावा. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून एक तक्रार अर्ज लिहून घ्यावा. घरी वेळ आली, तर तोच अर्ज उपयोगी पडेल. १९१५ हा क्रमांक पंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहावा.

या कामांना वेगळ्या निधीची गरज नाही. ती झाली, तर पुढच्या वेळी वडिलांना घेऊन निघालेल्या मुलाला विमान रद्द झाल्याची बातमी विमानतळाच्या खिडकीवर नव्हे, तर घरीच मिळेल, आणि रुग्णालयाची वेळ गाठण्यासाठी रात्रीची रेल्वेगाडी पकडण्याइतका अवधी त्याच्या हाती राहील.