दवाखाना तासभर लांब असेल तर



मसुरीला मी ‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’ हा 70-80 तासांचा प्रथमोपचार वर्ग केला. दवाखाना तासाभराहून लांब असेल तर काय करायचं, ते त्यात शिकवतात. त्यासाठी हिमालय कशाला? इंझोरीच्या शिवारात सोयाबीन सोंगताना साप चावला तरी हिशेब तोच. कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. चावलेला हात-पाय हलू न देता प्रतिविष असलेला दवाखाना गाठा. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

प्रमाणपत्र दोन-तीन वर्षांत संपतं. बरंच आहे, मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती दाबायची, हे हात विसरतात. पुढच्या उजळणीच्या वेळी गावातल्या दोघांना वर्गाला पाठवीन, खर्च माझा. नावं गुरुजींनी सुचवावीत.